वन्संची फुंकर

पुलाचा चढ लागला आणि वन्संनी बोलणं बंद केलं.

मी दचकलेच. घरातून निघाल्यापासून त्यांचं तोंड एकदाही मिटलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दुकानाला लावलेला रंग कसा डोळ्यांत खुपतो, शेजारणीचा जावई फोनवर बोलताना अख्ख्या जिन्याला कसं ऐकवतो, आमच्या ह्यांनी घेतलेली नवी छत्री कशी उघडल्यावर मिटत नाही, असा सगळा पाढा चालू होता. एरवी मी कंटाळले असते. पण गेले काही आठवडे वन्संचं बोलणं म्हणजे आमच्या घरात आनंदाची गोष्ट होती. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. "चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटायला लागलं तर थांबायचं, घरी परत जायचं आणि कामावर जायचं नाव काढायचं नाही."

त्यावर आमचे हे डॉक्टरांसमोरच म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, आमची ताई चालता चालता बोलत नाही. ती बोलता बोलता मधूनच जरा चालते. तिची परीक्षा उलटी घ्या."

तर अशा वन्सं एकाएकी गप्प झाल्या. पूल ओलांडून खाली उतरलं की डाव्या हाताच्या गल्लीत त्यांचा कारखाना. इतक्या दिवसांनी त्या तिथं चालत निघाल्या होत्या. धाप न लागता पोचल्या तर आजपासून काम, नाही तर कायमचं घरी, असं त्यांनी स्वतःच स्वतःला बजावलं होतं.

"वन्सं, टेकू या का जरा कठड्याला?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

मी चोरून त्यांच्याकडे बघितलं. ओठांचा रंग नेहमीचा होता. खांदे वरखाली होत नव्हते. पावलं एका चालीनं पडत होती. त्यांच्या आजारपणात मला हे सगळं बघायची सवयच लागली होती. धाप लागलेलं माणूस मला आता रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतं. वन्संना धाप लागलेली नव्हती. मग ह्या गप्प का?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वेळ नाही मिळाला. काच गार होते ना लगेच." त्या काच फुंकायचं काम करतात. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना आणि दवाखान्यांना लागणाऱ्या काचेच्या वस्तू करणारा एक छोटासा कारखाना आहे, तिथं. मी मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर मी मोठ्या उत्साहानं त्यांना विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही परीक्षानळ्या आणि शंकुपात्रं करता का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग ह्यांना म्हणाल्या, "अरे, ही पुस्तक गिळून आलीय. हिला सांभाळून बोल."

नंतर एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला मी कारखान्यात गेले. माझ्या मनात चित्र असं, की काच फुंकणारी बाई म्हणजे गाल टम्म फुगलेले, चेहरा लालबुंद, छातीचा भाता चाललेला. पाहिलं तर वन्सं खिडकीशी शांत बसलेल्या. डोळ्यांवर ज्योतीची झळाळी अडवणारा, गुलाबी झाक असलेला चष्मा. समोर टेबलावर निळी ज्योत. दोन्ही हातांनी त्या एक काचेची नळी ज्योतीत फिरवत होत्या. नळीचं एक टोक बंद केलेलं, दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी लावलेली आणि त्या रबरी नळीचं तोंड त्यांच्या ओठांत. काच मधासारखी मऊ झाली की ती ज्योतीतून बाहेर काढायची आणि फुंकायचं. फुंकलं केव्हा हेसुद्धा मला कळलं नाही. गाल हलले नाहीत, आवाज नाही. नळीच्या मध्यावर फक्त एक गोल फुगा आला, कळी उमलावी तसा.

"एवढंच?" मी म्हटलं.

"मग काय, शंख फुंकायचा होता?" वन्सं म्हणाल्या. "जोर लावला की फुटला. बाळाच्या डोळ्यात कण गेला तर तू कशी फुंकर घालशील, तशी घालायची. आणि संपेपर्यंत सोडत राहायची. घाई करायची नाही."

तेव्हाच त्यांनी मला त्यांच्या धंद्यातला पहिला नियम सांगितला. नळीतून श्वास आत ओढायचा नाही. कधीच नाही. ओढला तर आतली तापलेली हवा थेट घशात जाते आणि मऊ झालेली काच आतल्या आत बसते. म्हणून फुंकून झालं की जिभेचं टोक नळीच्या तोंडावर दाबायचं, जसं काही बाटलीला बूच, आणि श्वास नाकानं घ्यायचा. त्यांना हे काम शिकवणारे म्हातारे कारागीर शिकाऊ माणसांच्या मागे ओलं फडकं घेऊन उभे राहायचे. कुणी चुकून ओढलं की मानेवर फडकं. "फार मार खाल्ला सुरुवातीला," वन्सं म्हणाल्या. "मग जीभ शहाणी झाली. आता मी झोपेत असले आणि कुणी माझ्या तोंडात नळी दिली, तरी ती आपली आपण जाऊन बूच लावील."

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

दिवसभर श्वासाशी गाठ असल्यामुळे असेल, घरात आमच्या सगळ्यांच्या श्वासावर त्यांचं बारीक लक्ष असायचं. ह्यांचा पारा चढला की त्या विषयात पडायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "आधी सगळी हवा बाहेर सोड आणि मग भांड." हे चिडून सोडायचे, आणि सोडता सोडता निम्मं भांडण विसरायचे. लेक परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो म्हणून रडायची, तर आत्या तिला समोर बसवून गरम दुधावर फुंकर मारायला लावायची. साय हलली पाहिजे, पण फाटता कामा नये. पेला निवेपर्यंत लेकही निवायची.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. एकदा वन्सं बाजूला बसून माझं काम बघत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, तुझं मशीन चालू झालं की तू बंद पडतेस. दोन्ही एकदम चालत नाहीत का?"

"म्हणजे?"

"श्वास. काज करताना तू श्वासच घेत नाहीस. बुडी मारल्यासारखी बसतेस आणि काज झालं की वर येतेस."

मला खोटंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं तर खरंच तसं होतं. सुई बारीक जागेतून जायला लागली की माझा श्वास आपोआप अडकायचा. संध्याकाळी मान आखडायची आणि डोकं ठणकायचं, ते मी चष्म्याच्या माथी मारत होते. मग मी मशीनच्या चाकाकडे बघून श्वास सोडायची सवय लावून घेतली. डोकेदुखी पार गेली असं म्हणत नाही, पण गोळीचं पाकीट आता मला शोधावं लागतं. औषध म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

माझ्या प्रार्थनेलाही त्यांनी सोडलं नव्हतं. सकाळी आंघोळ झाली की मी देवापुढे उभी राहून लहानपणापासून पाठ असलेलं म्हणते. तेवढाच माझा देवधर्म. वन्सं आतून चहा ढवळत विचारायच्या, "देवाशी बोलतेस की बस पकडतेस? त्या बिचाऱ्याला एक शब्द कळू देत नाहीस." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि आणखी भरभर म्हणायचे.

अशा बाईचाच श्वास आजारी पडला.

सुरुवात साध्या तापानं झाली. वन्संनी तो अंगावर काढला, कामावर जात राहिल्या. मग एका सुट्टीच्या दुपारी जेवून उठताना त्यांनी टेबलाची कड धरली आणि तिथंच उभ्या राहिल्या. "वहिनी," म्हणाल्या, आणि पुढचा शब्द येईना. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. पूर्ण वाक्य बोलता न येणारी वन्सं मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. त्या नाकाला प्राणवायूची नळी लावून पडलेल्या असायच्या आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून मनात देवाचं नाव घ्यायचे. मागायला काही सुचायचंच नाही. हा श्वास आत गेला, हा बाहेर आला, पुढचाही येऊ दे, एवढंच.

देवाच्या दयेनं आणि डॉक्टरांच्या हातगुणानं त्या घरी आल्या. घरी येताना दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. ज्यांच्या घरी छातीचं आजारपण झालंय त्यांनी ते पाहिलं असेल. तीन उभे खण, प्रत्येकात एक हलकी रंगीत गोळी आणि बाजूला तोंडात धरायची नळी. ती मुलगी गोड होती. म्हणाली, "आत्या, ही नळी तोंडात धरायची आणि हवा आत ओढायची. फुंकायचं नाही हं, ओढायचं. एक गोळी वर गेली तर छान. दोन गेल्या तर फारच छान. आणि तिन्ही वर राहिल्या की तुम्ही कामाला मोकळ्या."

वन्संनी नळी धरली. छाती भरून आली. गोळ्या ढिम्म.

"होईल हळूहळू," ती म्हणाली.

पण होईना. वन्सं मन लावून करायच्या. सकाळी, दुपारी, चहानंतर. ताठ बसायच्या, नळी ओठांत धरायच्या आणि डोळे मिटून ओढायच्या. पोट आणि छाती फुगलेली मला दिसायची. गोळ्या मात्र खणाच्या तळाशी अशा बसलेल्या, की कुणी चिकटवून ठेवल्यात. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. फुप्फुस साफ होत चाललंय म्हणाले, हवा जाते आहे म्हणाले. मग गोळी का उठत नाही? "अशक्तपणा आहे. वयाप्रमाणे वेळ लागेल."

वन्सं बोलायच्या कमी झाल्या. घरात शांतता पसरली की मला शिलाईचा टाका नीट पडायचा नाही. एक दिवस त्यांनी पिशवीतून तो गुलाबी झाक असलेला चष्मा काढला, पदरानं पुसला आणि ह्यांच्यापुढे धरला. "कारखान्यात देऊन ये. म्हणावं, खिडकीजवळची जागा दुसऱ्या कुणाला द्या. जिला एक गोळी उचलवत नाही, ती काच काय फुंकणार?"

ह्यांनी चष्मा घेतला. संध्याकाळी वन्संनी विचारलं, "दिलास?"

"विसरलो."

दुसऱ्या दिवशीही विसरले. तिसऱ्या दिवशीही. वन्सं म्हणाल्या, "तुझं डोकं काय चाळणी झालंय का?" हे म्हणाले, "हो. तुझाच भाऊ." आणि बाहेर निघून गेले. चष्मा त्यांच्या स्कूटरच्या डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवलेला मी पाहिला होता. मीही बोलले नाही.

मग ती दुपार आली. मी टेबलावर एका गणवेशाच्या स्कर्टची खालची पट्टी टाचत होते. टाचण्या पटापट हाताशी याव्यात म्हणून मी ओठांत धरते. वाईट सवय आहे, पण सगळ्या शिवणाऱ्या बायकांना असते. शेजारी वन्सं यंत्र घेऊन बसलेल्या. त्या म्हणाल्या, "बोल की काहीतरी. हे कर म्हणतात, त्यात करमत नाही."

माझ्या तोंडात टाचण्या. मी नुसतं "हं" केलं आणि मान वर केली. समोर कपाटाचा आरसा आहे. आरशात माझं तोंड दिसलं, ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या. तोंडात काही धरलं की माणूस नाकानं श्वास घेणार, त्यात नवल नाही. पण त्याच आरशात माझ्या शेजारी वन्संचं तोंड होतं. नळी ओठांत, डोळे मिटलेले, आणि नाकपुड्या अगदी माझ्यासारख्याच फुललेल्या.

मी टाचण्या हातात काढल्या. "वन्सं, तुम्ही नाकानं ओढताय."

"वेडी आहेस का? नळी तोंडात आहे, नाकानं कशाला ओढीन?"

"परत ओढा बघू."

त्यांनी ओढलं. मी करंगळी त्यांच्या नाकाखाली धरली. गार हवेचा झोत करंगळीवरून आत गेला.

"जीभ कुठाय तुमची?" मी विचारलं.

वन्सं काहीतरी उलट बोलणार होत्या, पण थांबल्या. नळी तोंडात तशीच. डोळे मोठे झाले. मग त्यांनी नळी हळूच बाहेर काढली आणि एवढंच म्हणाल्या, "बूच."

इतके दिवस त्या खरोखर मनापासून श्वास ओढत होत्या आणि त्यांची शहाणी जीभ नळीचं तोंड दाबून बसलेली होती. ज्या जिभेनं त्यांचा घसा जन्मभर वाचवला, तिला आता नको म्हणून सांगितलेलं कळतच नव्हतं.

मी त्यांचं नाक चिमटीत धरलं आणि म्हटलं, "आता ओढा." त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. "जीव घेतेस का! श्वास कुठून घेऊ?" "तोंडानं!" "तोंडात नळी आहे!" "त्या नळीतूनच घ्यायचाय हो!" शेवटी मी गॅलरीतून कपडे वाळत घालायचा चिमटा आणला. वन्संनी तो स्वतःच्या हातानं नाकाला लावला, नळी धरली, आणि मी त्यांच्या कपाळावर भीती बघितली. नळीतून ओढायची भीती. जणू पलीकडे ज्योतच होती. मी त्यांचा हात धरला.

टक्.

एक गोळी उडून वरच्या झाकणाला लागली. वन्सं एवढ्या दचकल्या की त्यांनी जोरात फुंकलं आणि गोळी खाली आपटली. मग परत. एक गोळी, आणि दुसरीही अर्ध्यापर्यंत. नेमकी तेव्हाच लेक कॉलेजातून आली आणि दारातच उभी राहिली. "आत्या, नाकाला चिमटा का लावलाय? वाळत घातलंय का तुला?"

"गप्प बैस, बी काबाला लागलेय," वन्सं चिमट्यातून म्हणाल्या.

किती दिवसांनी आम्ही तिघी इतक्या हसलो. हसताना वन्संना खोकला आला, तर मी घाबरले. त्या म्हणाल्या, "असू दे, हाही श्वासच आहे."

व्यायामाची मुलगी मग तपासायला घरी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती हसत हसत खुर्चीत बसली. "तुम्ही काय काम करता, हे मी विचारायलाच हवं होतं," म्हणाली. वन्सं म्हणाल्या, "आणि मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, तू म्हणशील, फुंकणाऱ्या बाईला एवढं येईना?" त्यानंतर दोघींचं चांगलं जमलं. ती मुलगी त्यांना पोटातून श्वास कसा घ्यायचा, कुशीवर कसं झोपायचं, जिना चढताना श्वास सोडत पाऊल कसं टाकायचं ते शिकवायची. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा व्यायाम मात्र ती शिकवायला गेली आणि वन्संनीच तिला करून दाखवला. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली. त्या दिवशी त्या जेवल्या चांगल्या.

पण जिभेला शिकवणं सोपं नव्हतं. चिमटा काढला की बूच परत लागायचं. वन्सं आपल्याच जिभेला रागवायच्या, "अगं बाई, सुट्टी आहे तुला. जा ना!" मग त्यांनीच एक युक्ती काढली. सकाळी मी देवापुढे उभी राहिले की त्या यंत्र घेऊन माझ्या मागं येऊन बसायच्या. मी ओळ म्हणत असेपर्यंत त्यांनी श्वास सोडायचा. ओळ संपली की मी थांबायचं आणि त्यांनी नळीतून ओढायचं. त्यासाठी मला सावकाश म्हणावं लागायचं. पहिल्या दिवशी मी सवयीनं पळत सुटले, तर मागून आवाज आला, "अगं, मला मध्येच मारशील. बस चुकली तर चुकू दे."

मग मी सावकाश म्हणायला लागले. खरं सांगते, इतकी वर्षं जे म्हणत होते त्यातले काही शब्द मला तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आले. एका ओळीपाशी तर डोळे भरून आले. मागून गोळ्यांचा टकटक आवाज यायचा. देवाला तो नक्की आवडत असणार.

एका सकाळी दोनदा टक् झालं आणि लगेच तिसऱ्यांदा. मी ओळ अर्धी सोडून मागं वळले. तिन्ही गोळ्या वर. वन्संचे डोळे वर. त्या तशाच धरून बसल्या, मग हळूच सोडल्या. हे दाढी करत होते, ते तसेच फेसासकट आले. मग बाहेर गेले आणि फडक्यात गुंडाळलेला चष्मा आणून वन्संच्या मांडीवर ठेवला.

"विसरलो होतो," म्हणाले.

"चाळणी," वन्सं म्हणाल्या, आणि फडकं सोडून चष्मा पदरानं पुसायला लागल्या.

मग रोजचं चालणं सुरू झालं. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत, मग पुलाच्या पायथ्यापर्यंत. आणि आज पूल.

उतार लागला तरी वन्सं गप्पच. गल्लीत वळलो. सायकल दुरुस्तीवाल्यानं हात वर केला, त्यालाही त्यांनी नुसती मान हलवली. कारखान्याचा जिना चार पायऱ्यांचाच आहे. तो त्या श्वास सोडत, न थांबता चढल्या. दारात मालक उभे होते. वन्संच्याच वयाचे, केस सगळे पांढरे.

"अक्का, आलात! खिडकीची जागा कुणाला दिली नाही हं. मध्यंतरी मांजर बसत होतं, त्याला आज नोटीस दिलीय."

"फुंकायला चांगलं होतं का?" वन्संनी विचारलं. पुलानंतरचं हे त्यांचं पहिलं वाक्य. धापेचा मागमूस नव्हता. मला बरं वाटलं.

आत तोच गरम वास, तोच ज्योतींचा भसभस आवाज. वन्सं त्यांच्या स्टुलावर बसल्या. टेबलावरून हात फिरवला. चष्मा लावला. ज्योत पेटवली, ती निळी होईपर्यंत कमीजास्त केली. हात काहीच विसरलेले नव्हते. काचेची नळी उचलली, टोकाला रबरी नळी बसवली, तिचं तोंड ओठांत धरलं. आणि लगेच काढलं.

पुन्हा धरलं. पुन्हा काढलं.

"काय झालं?" मी जवळ जाऊन हळूच विचारलं.

"वहिनी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुलावर मी गप्प का होते माहितीये? तोंडात नळी आहे असं समजून चालत होते. बूच लागतंय का बघत होते. कधी लागलं, कधी नाही लागलं. तुझ्या त्या गोळ्यांनी जिभेला आत ओढायची चटक लावली. इथं एकदा जरी ओढलं तर काच जाईल, आणि घसाही."

इतके दिवस मी ह्या श्वासासाठी देवाला विनवलं होतं. आता तोच श्वास त्यांच्या कामात आडवा येऊन उभा होता. "मग उद्या येऊ," असं मी म्हणाले असते तर त्या कधीच परत आल्या नसत्या, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या चष्म्यातून त्यांचे डोळे आधीच काचेवर लागल्यासारखे स्थिर दिसत होते. मग पायानं बाजूचं दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस इथं, अशी समोर. काचेकडे बघू नकोस, काचेकडे सगळेच बघतात. माझ्या नाकाकडे बघ. श्वास घेताना नाकपुड्या फुलल्या तर गप्प राहा. नाही फुलल्या तर ओरड, मालक आहेत म्हणून लाजू नकोस. आणि वहिनी, तुझं ते सकाळचं म्हण. मोठ्यानं म्हण. ओळ चालू असेपर्यंत मी फुंकीन. ओळ संपली की थांब, मला नाकानं श्वास घेऊ दे, आणि मगच पुढची ओळ म्हण."